हातभर नळी

मास्कच्या पट्ट्याला डाव्या बाजूने स्नॉर्केल, म्हणजे तोंडात धरायची श्वासाची आखूड नळी, अडकवायची, असं आम्हाला कोकणात पाणबुड्यांच्या शिबिरात शिकवलं. पाठीवरच्या हवेच्या टाकीची नळी उजव्या खांद्यावरून तोंडाकडे येते, म्हणून ही डावीकडे. पाण्यावर पोहत असताना तोंड पाण्यात ठेवून स्नॉर्केलमधून वरची हवा घ्यायची, म्हणजे टाकीतली हवा खालच्या कामासाठी शिल्लक राहते. शिकवणारे सर रोज सकाळी विचारायचे, "नळी कुठं आहे?" आणि आम्ही वीस जण डाव्या कानाला हात लावून दाखवायचो.

त्या वीस जणांत वाशीम जिल्ह्याचे आम्ही दोघंच. एक मी, मंगरूळपीरला सरकारी कचेरीत लिपिक. दुसरे काका. ते माझ्या नात्यातले नाहीत. भोई समाजाचे, साठीला आलेले, सगळं आयुष्य तलावात जाळी टाकण्यात गेलेलं. जिल्ह्यात कोणी बुडालं किंवा पाण्याखाली काही अडकलं, की बाहेरून पाणबुडे येईपर्यंत काठावर बसून राहावं लागायचं. म्हणून आपलीच दोन-चार माणसं तयार करावीत असं ठरलं. मी पोहते हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. वडिलांनी मला लहानपणी पाठीला रिकामा डबा बांधून गावच्या विहिरीत शिकवलं होतं. काकांना पोहता येतं का हे विचारायचीही कुणाला गरज वाटली नाही.

कोकणातून परत आल्यावर आम्ही सरावासाठी पहिल्यांदा आपल्याकडच्या तलावावर गेलो. काकांनी मास्क हातात घेतला, स्नॉर्केल काढली आणि माझ्याकडे न बघता जीपमध्ये टाकून दिली.

"काका, नळी काहून काढली?"

"टाकी हाय न पाठीवर. मंग हे शेपूट कायले?"

"वर पोहताना लागते. सरांनी सांगितलं होतं न?"

"सरायचा समुद्र हाय. तिथं खाली वाळू असते. आपल्या तलावात बाभळी हायेत, बेशरमाचे झाडं हायेत, फाटके जाळे हायेत. तोंडापाशी जे लटकन, थे अडकन. तू लाव तुले लावाची असंन तं."

मी लावली. मला त्या वेळी प्रत्येक गोष्ट शिकवल्याप्रमाणे करायची सवय होती, आणि बाई म्हणून कोणाला चूक काढायला जागा ठेवायची नव्हती. पुढचे काही महिने आम्ही दर रविवारी सराव केला. काकांच्या मास्कला नळी नसायची, माझ्या असायची. जाता-येता जीपमध्ये हाच वाद. त्यांचं म्हणणं मला पटायचं नाही आणि माझं त्यांना.

उन्हाळ्यात मालेगाव तालुक्यातल्या एका गावाहून निरोप आला. गावाला पिण्याचं पाणी धरणातून येत होतं आणि धरणात ज्या पाइपमधून ते ओढलं जातं, त्याच्या तोंडाची जाळी बुजली होती. मोटार चालू केली की नुसता आवाज यायचा, पाणी नाही. तीन दिवस गाव टँकरवर होतं. आम्ही पोचलो तेव्हा काठावर निम्मं गाव उभं होतं, आणि गुंड्या, म्हणजे पाण्याची रिकामी भांडी, घेऊन आलेल्या बायका मला पोशाखात बघून आधी हसल्या, मग गप्प झाल्या.

खाली पाणी चहासारखं होतं. हात लांब केला तर बोटं दिसायची नाहीत. पाइप धरून धरून मी उतरत गेले, काका माझ्या मागे. जाळीला जुनं मासेमारीचं जाळं गुंडाळलं गेलं होतं, त्यात पाला, गाळ आणि बेशरमाच्या काड्या. मी एका बाजूने सोडवायला लागले. मान वळवली आणि मास्क एका बाजूने ओढला गेला. मला वाटलं काकांचा हात लागला. मी डोकं मागे घेतलं, तर मास्क आणखी ओढला, वर सरकला, आणि नाकाडोळ्यांत पाणी शिरलं.

स्नॉर्केल जाळ्यात गेली होती. मी जितकी हलत होते, तितकी ती गुंतत होती. दात टाकीच्या नळीवर घट्ट आवळून मी स्वतःला सांगत राहिले, हवा येते आहे, हवा येते आहे. तेवढं सोडून मला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. मग एक हात माझ्या डोक्यावर आला. त्याने मला ओढलं नाही. तो कपाळावरून कानाकडे, कानावरून नळीकडे चाचपत गेला, जाळ्याचा धागा सापडला तसा थांबला, आणि सुरीचा हलका झटका बसला. मान मोकळी झाली. काकांनी माझा मास्क खाली बसवला आणि खांद्यावर दोनदा थोपटलं.

आम्ही वर आलो, दम घेतला, परत खाली गेलो आणि ते काम पूर्ण केलं. मोटार चालू झाल्यावर नळाला आधी लाल, मग पांढरं पाणी आलं. काठावरच्या बायका गुंड्या घेऊन गावाकडे पळाल्या.

परत जाताना काका एवढंच म्हणाले, "आता?"

मी मास्कवरची स्नॉर्केल काढली आणि टॉवेलात गुंडाळून पिशवीत टाकली. वाद मिटला असं मला वाटलं. एक गोष्ट मात्र तेव्हाही माझ्या ध्यानात आली होती. घरी पोचून सामान उतरवताना मी त्यांना म्हटलं, "काका, थे नळी जरा इकळे द्या," तर त्यांनी नळीला हात न लावता अख्खी पिशवीच माझ्याकडे सरकवली होती.

पावसाळा सरत आला तेव्हाची पुढची गोष्ट. एका मोठ्या तलावात मासेमारांची होडी उलटली. माणसं पोहून काठाला लागली, पण होडी आणि सगळ्यांनी मिळून घेतलेली नवी जाळी तळाशी गेली. काकांच्या समाजाची माणसं होती, त्यामुळे काकांनी दुसऱ्या कोणाची वाटही पाहिली नाही. होडी मध्यभागी कुठेतरी होती. आम्ही एका लहान नावेतून तिथवर गेलो आणि उतरलो. होडी सापडली, तिला दोरही बांधला. पण वर येईपर्यंत दोघांच्या टाक्यांमधली हवा जवळजवळ संपली होती, आणि वर वारं सुटलं होतं.

आम्हाला सोडणारी नाव वाऱ्याने पार दुसऱ्या काठाकडे ढकलली गेली होती. तिचा माणूस वल्हं मारत होता, पण आमच्याकडे येण्याऐवजी लांबच जात होता. आम्ही काठाकडे पोहायला लागलो. तलावातल्या लाटा समुद्रासारख्या मोठ्या नसतात, पण लागोपाठ येतात, श्वास घ्यायला तोंड उघडावं तेव्हाच तोंडावर बसतात. काका पाठीवर पोहत होते. एक लाट नाकात गेली, ते खोकले, खोकताना दुसरी गेली. मी त्यांच्या अंगातल्या जॅकेटमध्ये हवा भरली होती, बुडण्याची भीती नव्हती. पण माणूस न बुडताही थकून जातो. त्यांचे पाय हलायचे थांबले. मी त्यांच्या टाकीचा वरचा भाग धरला आणि ओढायला लागले. तोंड वर करून ओढायचं म्हणजे मान आखडते, आणि मीही पाणी गिळत होते. एकेका लाटेला मला माझी स्नॉर्केल आठवत होती. तोंड पाण्यात घालून, शांतपणे श्वास घेत, पायातले फिन मारत गेले असते. ती काठावर पिशवीत टॉवेलात होती.

काठाला लागल्यावर काका गुडघ्यांवर बसले आणि भरपूर पाणी ओकले. मग गवतावर आडवे झाले. माणसांनी त्यांना घोंगडी पांघरली. मी बाजूला बसले. त्यांचा खोकला थांबल्यावर मी म्हटलं, "काका, आज नळी पाहिजे होती."

त्यांनी कूस बदलली.

"अडकते थे मले मान्य हाय. मीच अडकली होती. पण आज तुमी मेले असते."

"मले थे तोंडात धरवत नाई," ते म्हणाले.

"काहून?"

ते उठून बसले, घोंगडी अंगाभोवती ओढली, आणि तलावाकडे बघत सांगायला लागले.

ते बारा वर्षांचे, त्यांचा धाकटा भाऊ दहाचा. दोघं गावच्या विहिरीत दिवसभर डुंबायचे. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. तो तोंडात धरायचा, पाण्याखाली बसायचं, दुसरं टोक वर ठेवायचं आणि श्वास घ्यायचा, हा गावातल्या सगळ्याच पोरांचा खेळ होता. एक दिवस भावाला कोणाच्या तरी फवारणीच्या पंपाची रबरी नळी सापडली. चांगली पाच हात लांब. देठाने वीतभर खाली बसता येतं, तर पाच हात नळीने पार तळाशी बसता येईल, असा त्याचा हिशोब. त्याने मोठा दगड कवळला, नळी तोंडात घेतली आणि खाली गेला. वरचं टोक काकांच्या मुठीत.

"तेवळ्यात मले आईनं हाक मारली. म्या मान वळवून 'आलो' म्हटलं. एवढंच. पुन्हा पायतो तं बुडबुडे. मंग बुडबुडे बी नाई." काकांनी हाताने तोंड पुसलं. "विहिरीवर दोघं मानसं होते, म्हनून वाचला. पालथा घालून पाठ चेपली त्याची. मंग महिनाभर ताप. उठला थो पयलं काय बोलला असंन? दादानं नळी दाबली. खालून त्याले मायी मूठ दिसली होती."

"आणि तुमी दाबली होती?"

"तेच तं मले मालूम नाई, बाई. मायं ध्यान नोतं. बोट गेलं असंन तोंडावर. गेलंच असंन. नाई तं थो बुडन कायले?"

तो भाऊ त्यानंतर कधी पाण्यात उतरला नाही. भोयाच्या घरात जन्मून त्याने शिलाईकाम धरलं आणि किन्हीराजा या गावी दुकान टाकून तिथेच राहिला. दोघांचं भांडण नव्हतं. लग्नाकार्याला भेटायचे. पण दर वेळी कोणीतरी विषय काढायचं आणि भाऊ सगळ्यांदेखत हसत म्हणायचा, "यानं तं मले तवाच पोचवलं होतं." काकाही हसायचे. पंचेचाळीस वर्षं हसत होते.

मला कोकणातली एक दुपार आठवत होती. कोणीतरी सरांना विचारलं होतं, स्नॉर्केल एवढी आखूड का, दोन मीटरची का करत नाहीत? त्या वेळी काका तापामुळे खोलीवर झोपून होते. सर म्हणाले होते, की माणूस खाली गेला की पाणी त्याच्या छातीवर चहूकडून दाबतं. वरची हवा मात्र वरच्याच दाबाची असते. हातभर खोलीपर्यंत छाती कशीबशी फुगते. त्याच्या खाली फुगतच नाही, कितीही जोर लावा. टाकीची गोष्ट वेगळी, ती पाण्याएवढ्याच दाबाने हवा देते. म्हणून नळी हातभरच.

मी हे काकांना माझ्या परीने सांगितलं. त्यांच्या छातीवर माझा तळहात दाबून धरला आणि म्हटलं, आता मोठा श्वास घेऊन बघा, पाणी याच्या कितीतरी पट दाबते.

"पुस्तकातलं नोको सांगू," ते म्हणाले. पण त्यांनी माझा हात छातीवरून बाजूला केला नाही.

पुढच्या रविवारी ते माझ्या आधी तलावावर आले होते. हातात फवारणीच्या पंपाची रबरी नळी, तीन हात कापलेली. "जय भीम, बाई," म्हणाले, "चाल, करून पाहू."

छातीएवढ्या पाण्यात आम्ही उभे राहिलो. मी नळीचं वरचं टोक हवेत उंच धरलं, एका बाजूने, दोन बोटांत, तोंड मोकळं. माझा दुसरा हात त्यांच्या खांद्यावर. एकच श्वास घेऊन बघायचा आणि लगेच उभं राहायचं, असं मी बजावलं. त्यांनी खाली दगड धरला आणि बसले. छातीच्या वर दोन हात पाणी. मला नळीच्या तोंडाशी कान लावून ऐकू येत होतं. आत जोराने ओढण्याचा एक बारीक आवाज, आणि मग काहीच नाही. ते उभे राहिले.

"तू दाबली तं नाई?"

"तुमीच पाहा न." मी बोटं दाखवली.

दुसऱ्यांदा त्यांनी पाण्याखालून वर, माझ्या हाताकडे बघत ओढलं. तिसऱ्यांदाही. मग ते वळले आणि नळीची गुंडाळी करायला लागले. माझ्याकडे पाठ होती, म्हणून चेहरा दिसला नाही.

शेवटी म्हणाले, "किन्हीराजाले येशीन?"

आम्ही माझ्या स्कूटीवरून गेलो. नळी काकांनी गळ्यात घातली होती. भावाचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, दाराशी मशीन. भाऊ काकांपेक्षा बारीक, चष्मा लावलेला. आम्हाला बघून उठला, सतरंजी टाकली. काकांनी बसायच्या आधीच नळी त्याच्यासमोर ठेवली.

भावाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "हे काय आनलं, दादा?"

"तुले काई दाखवाचं हाय."

"आता या वयात काय काढता जुनं? मी काई बोललो काय तुमाले?"

"बोलला नाई. पण इसरला बी नाई."

मी मध्ये पडले आणि कोण, कुठली, काय शिकले आणि खोल पाण्यात लांब नळीतून श्वास का घेता येत नाही ते सांगितलं. भाऊ ऐकत होता, पण माझ्यावर त्याचा विश्वास बसत नव्हता हे दिसत होतं. पाण्यात तो उतरणार नव्हताच, आणि आम्ही तसं म्हटलंही नाही. गावाबाहेर त्याच्या व्याह्याचा मळा होता, तिथे विहिरीशेजारी सिमेंटचा मोठा हौद. काका त्याला म्हणाले, "मी पान्यात बसतो. नळी तू धर."

हौदाच्या कठड्यावर भाऊ बसला, पाय बाहेर ठेवून. त्याची बायकोही आली होती, ती लांब उभी. काका आत उतरले, नळी तोंडात घेतली. भावाने दुसरं टोक चिमटीत धरलं आणि मला दाखवलं. "असं?" मी हो म्हटलं. काका खाली बसले.

पाणी नितळ होतं. काका खालून वर बघत होते आणि भाऊ वरून खाली. नळी किंचित हलली. काकांची छाती आत ओढली गेली, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. भाऊ घाबरून ओरडला, "दादा, वर ये! वर ये!" काका उभे राहिले, तोंडातून नळी काढली आणि धापा टाकत त्याच्याकडे बघत राहिले.

भाऊ आपल्या दोन बोटांकडे बघत होता. "म्या तं दाबली नाई," तो म्हणाला.

"म्या बी," काका म्हणाले.

पलीकडे कोणाचा तरी बैल पाणी पीत होता, त्याचा आवाज येत राहिला. मग भाऊ म्हणाला, "आनखी एकडाव कर." काकांनी केलं. "आनखी एकडाव." तिसऱ्या वेळी भावाने हात लांब करून पाण्याखाली काकांच्या छातीवर ठेवला, फुगते का बघायला. त्याची बाही खांद्यापर्यंत भिजली. पंचेचाळीस वर्षांत त्याने एवढा हात पाण्यात घातला असेल असं मला वाटत नाही.

"मले तुई मूठ दिसली होती," तो म्हणाला.

"मूठ होती. पन बोट नोतं."

"मी पोरासोरायसमोर हासत होतो तुले."

"हासत होता. जाऊ दे."

भावाची बायको पुढे आली आणि काकांना म्हणाली, "भासरे, भायेर या आता. सर्दी व्हईन." त्यावर दोघंही एकदम हसले, आणि भावाने काकांना हात देऊन कठड्यावर ओढलं. तिथे दोघं पाठ उन्हाकडे करून बसून राहिले. मी आणि ती बाई मळ्यातली वांगी बघत लांब गेलो. त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. जेवायला मात्र त्यांनी मला आग्रहाने थांबवून घेतलं.

पुढे महिन्याभराने भाऊ मंगरूळपीरला काही कामासाठी आला, तेव्हा कचेरीत मला भेटून गेला. त्याने जाड ताडपत्रीच्या दोन पिशव्या शिवून आणल्या होत्या, अरुंद, लांब, मांडीला बांधायच्या पट्ट्यांसह. "दादानं सांगतलं," तो म्हणाला, "तोंडापाशी अडकते, आन काठावर ठेवली तं कामाची नाई. मंग मांडीले बांधा." मी कपाटातली स्नॉर्केल काढून एका पिशवीत घालून बघितली. बरोबर बसली. झडप लावली की बाहेर काही लोंबत नव्हतं.

आता नव्याने येणारी माणसं मला तोच प्रश्न विचारतात, पाण्यात उतरताना नळी लावायची की नाही? मी त्यांना सांगते, आधी पाणी बघा. झाडं, जाळी, दोर असलेल्या ठिकाणी खाली जायचं असेल तर मास्कला काही लटकवू नका. पण बरोबर न घेता जाऊ नका, कारण परत कुठे निघाल आणि वारं कसं असेल हे उतरताना कळत नाही. काकांना विचारलं तर ते अजून म्हणतात, "मले नोको." बरोबर मात्र बाळगतात, माझ्यासाठी म्हणून.

या उन्हाळ्यात एका तलावाचं पाणी खूप उतरलं होतं. भिंतीची पाहणी करून आम्ही काठाकडे परत येत होतो. अंतर लांब होतं, घाई काहीच नव्हती. मी तोंड पाण्यात घालून नळीतून श्वास घेत सावकाश चालले होते. खाली दोन हातांवर जमीन लागली. तलाव व्हायच्या आधीचं कोणाचं तरी शेत असावं. दगडांचा एक बांध सरळ गेलेला, मध्ये माणूस जाईल एवढी फट, आणि त्या फटीतून बोटाएवढे मासे एकामागे एक ये-जा करत होते. मी तिथे पाय न हलवता तरंगत राहिले. काका बाजूने पाठीवर पोहत पुढे गेले, डोळे मिटलेले, तोंडावर ऊन.

थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली, "बाई, झोपली काय वो?"

मी हात वर करून हलवला आणि आणखी थोडा वेळ बघत राहिले.